ड्रिल आपोआप पुढे कसे सरकते?

भोक पाडणे हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. चांभार आरीने चामडे टोचतो, सोनार बाळाचे कान टोचतो, सुतार फळीला भोक पाडतो. यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? खरे आहे. एकच भोक पाडायचे असेल आणि ते जरा वाकडेतिकडे झाले तरी चालणार असेल, तर काहीच नाही. पण पोलादाच्या जाड पाटीत एक भोक पाडायचे, ते सरळ हवे, गोल हवे, मापाला केसाच्या जाडीइतकाही फरक नको, आतून गुळगुळीत हवे. आणि तसेच दुसरे, तसेच दहावे आणि तसेच हजारावे, असे कोणी म्हटले की मग आपल्याला जरा विचार करावा लागतो.

सुताराचा सामता आपण पाहिला असेल. दोरी गुंडाळलेला दांडा, खाली पोलादी टोक, वर करवंटीची किंवा लाकडाची टोपी. एका हाताने सुतार दोरीचे धनुष्य पुढेमागे ओढतो. त्याने दांडा गरगर फिरतो. दुसऱ्या हाताने तो वरची टोपी दाबून धरतो. पाहणाऱ्याचे सगळे लक्ष फिरणाऱ्या दोरीकडे असते. वरचा हात नुसताच ठेवल्यासारखा दिसतो. पण श्रोतेहो, भोक पडते ते दोन्ही हातांनी. फिरणे ही एक गती आणि पुढे सरकणे ही दुसरी. फिरण्याचे काम माणसाने पाणचक्कीवर, वाफेवर आणि विजेवर कधीच सोपवले. पुढे सरकवण्याचे काम मात्र पुष्कळ दिवस हातातच राहिले. ते यंत्राकडे कसे गेले, आणि का जावे लागले, हे आज आपण पाहू.

या पुढे सरकण्याला पुस्तकी मराठीत सरक म्हणतात. कारखान्यात कोणी तसे म्हणत नाही. तेथे त्याला फीड म्हणतात. आपणही फीडच म्हणू.

प्रथम ड्रिलचे टोक जवळून पाहू. पिळदार ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात, छपराच्या दोन पाख्यांसारख्या उतरत्या. साध्या ड्रिलमध्ये या दोन पाख्यांमधला कोन ११८ अंशांचा ठेवतात. दोन्ही धारा जेथे मिळतात तेथे टोक नसते, एक आखूड, बोथट आडवी कड असते. गंमत अशी की ही मधली कड कापतच नाही. ड्रिल कितीही वेगाने फिरले तरी अगदी मध्यबिंदूला वेग शून्यच असतो.  त्यामुळे ही कड धातूला कापण्याऐवजी चिरडून बाजूला ढकलते. ड्रिल दाबायला जो जोर लागतो त्याचा निम्मा, कधी निम्म्याहून अधिक, या चिमुकल्या कडेपायी खर्च होतो. जाड भोकाच्या आधी बारीक भोक पाडून घेण्याची कारागिराची रीत आहे ती याचसाठी. मोठ्या ड्रिलच्या मधल्या कडेला मग चिरडायला काही उरतच नाही.

आता हिशेब करू. मी गणित शिकवतो, तेव्हा एवढी सवलत आपण द्यालच! दहा मिलिमीटर व्यासाचे चांगले ड्रिल साध्या मऊ पोलादात घालायचे आहे. धारेच्या बाहेरच्या टोकाचा वेग मिनिटाला पंचवीस मीटरच्या आसपास असला म्हणजे ते सुखाने कापते. दहा मिलिमीटर व्यासाचा परीघ सुमारे ३१.४ मिलिमीटर. म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फेरे. दर फेऱ्याला ड्रिल ०.२ मिलिमीटर पुढे गेले तर मिनिटाला १६० मिलिमीटर होतात. पाटी वीस मिलिमीटर जाडीची आहे, आणि ड्रिलचे उतरते टोक पूर्ण बाहेर पडायला आणखी तीन मिलिमीटर लागतात. तेवीस मिलिमीटरचा प्रवास, ११५ फेरे, नऊ सेकंदांच्या आत काम संपले.

यात महत्त्वाचा आकडा कोणता? नऊ सेकंद नव्हे, ८०० फेरेही नव्हेत. महत्त्वाचा आकडा ०.२ मिलिमीटर. धारा दोन आहेत, म्हणून प्रत्येक धार ०.१ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा उतरवते. प्रत्येक धारेची वाट जिन्यासारखी वर्तुळाकार खाली उतरत जाते, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची म्हणजे फीड. पायऱ्या सगळ्या सारख्या असल्या तर भोकाची भिंत सारखी होते.

हाताने हँडल ओढणाऱ्या माणसाकडून ही पायरी सारखी राहील का? सेकंदाला तेरा फेरे होत आहेत. दर फेऱ्याला एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. हात तेवढे मोजू शकत नाही. हात मोजतो तो जोर. आपण किती रेटतो आहोत हे हाताला कळते. किती पुढे गेलो हे कळत नाही. ‘हात बसला पाहिजे’ असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने म्हणतात. बसलेल्या हाताबद्दल मलाही आदर आहे. पण बसलेला हातसुद्धा जोराचाच अंदाज घेतो, अंतराचा नाही. आणि तोही सकाळी आठ वाजता एक असतो आणि दुपारी तीन वाजता दुसरा.

जोर कमी पडला तर काय होते? धार धातूत शिरत नाही, नुसती वरून घासते. घासण्याने ऊष्मा होतो, धार बोथट होते. काही धातू तर या घासण्याने जास्तच कठीण होतात. स्टेनलेस स्टील हा त्यातला नमुना. एकदा का ड्रिल त्याच्यावर नुसते फिरत राहिले की त्या जागी टणक कातडी तयार होते, आणि मग नवे ड्रिलही तेथे शिरायला कुरकुरते. जोर जास्त झाला तर उलट त्रास: पापुद्रे जाड, पन्हळीतून वर येईनात, तुंबले, ड्रिल वाकले, मोडले.

पण सर्वांत वाईट क्षण शेवटचा. ड्रिलची मधली कड पाटीच्या खालच्या अंगाने बाहेर पडते आणि निम्मा विरोध एकाएकी नाहीसा होतो. हात मात्र अजून पहिल्याच जोराने रेटत असतो; यंत्राचा दांडा, टेबल, पाटी सगळी त्या जोराखाली किंचित दबलेली, स्प्रिंगसारखी ताणलेली असतात. ती सुटतात. ड्रिल पुढे झेप घेते, आणि उरलेल्या धातूच्या कडीत त्याचे पीळ स्क्रूसारखे अडकतात. पाटी नीट बांधलेली नसेल तर ती ड्रिलबरोबर पंख्यासारखी फिरते. कारागिरांच्या बोटांवरच्या आणि मनगटांवरच्या जखमांपैकी कितीतरी या एका क्षणाच्या असतात. पितळ यात फार दगाबाज. म्हणून जाणता कारागीर पितळेसाठी ड्रिलची धार दगडावर थोडी मारून घेतो.

तेव्हा यंत्राने पुढे सरकवायचे. पण यंत्रालाही दोन रीती आहेत, आणि त्यांतला भेद नीट ध्यानात घ्यावा. एक रीत जोर कायम ठेवण्याची. दुसरी अंतर कायम ठेवण्याची.

पहिली रीत जुनी. इंग्लंडात जॉन विल्किन्सन याने १७७४ साली तोफांच्या नळ्या पोखरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढल्याच वर्षी जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनासाठी सिलिंडर आतून कापण्याचे यंत्र उभे केले. वॅटचे इंजिन कागदावर उत्तम होते, पण सिलिंडर गोल मिळत नव्हते; दट्ट्या आणि भिंत यांच्यामधून वाफ निसटे. विल्किन्सनने सिलिंडरच्या आरपार एक भक्कम पोकळ दांडा घातला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. कापणारे डोके त्या दांड्यावर फिरत फिरत पुढे सरके. दांड्याच्या पोकळीतल्या दातेरी पट्टीला तरफेवर टांगलेले वजन ओढी. १७७६ साली वॅटचा भागीदार बोल्टन याने मोठ्या समाधानाने लिहिले की पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक कोठे सापडत नाही. आज हा फरक ऐकून कोणी कारखानदार हसेल, पण वाफेचे युग त्यावर सुरू झाले. श्रेय मुख्यतः दोन्ही टोकांना धरलेल्या दांड्याचे. तरी टांगलेले वजन माणसाच्या हातापेक्षा भरवशाचे होते, हेही खरे: वजन थकत नाही.

मात्र वजनाला अक्कल नसते. धातूत मऊ जागा आली की ते डोके भसकन पुढे ओढते, कठीण आली की अडते. आजही जेथे हवेच्या दाबाने ड्रिल रेटतात तेथे हाच दोष येतो. त्यावर उपाय म्हणून शेजारी तेलाचा सिलिंडर जोडतात. तेल एका बारीक छिद्रातूनच पलीकडे जाऊ शकते. म्हणून हवेने कितीही घाई केली तरी ड्रिल तेलाच्या चालीने जाते. दार आपटू नये म्हणून वर जे नळकांडे बसवतात, त्याचाच हा भाऊ.

दुसरी रीत दातेरी चाकांची. मध्यंतरी ड्रिलही सुधारले होते. पूर्वीच्या चपट्या ड्रिलांना कीस बाहेर काढायची सोय नव्हती. १८६३ साली अमेरिकेत स्टीफन मोर्स याने पिळदार ड्रिलचे पेटंट घेतले, आणि कीस आपोआप पन्हळीतून वर येऊ लागला. आपल्या कारखान्यांत ‘मोर्स टेपर’ हा शब्द रोज कानावर पडतो, तो याच्याच नावावरून. कीस वर येऊ लागल्यावर न थांबता पुढे सरकवणे शक्य झाले.

कोणत्याही बऱ्यापैकी कारखान्यातले उभे ड्रिल-यंत्र पाहा. फिरणारा दांडा एका जाड नळीत बसवलेला असतो. नळी फिरत नाही, नुसती वरखाली होते. तिच्या पाठीवर दाते कापलेले असतात आणि त्यांत एक छोटे दातेरी चाक अडकलेले असते. बाजूचे हँडल फिरवले की हे चाक फिरते आणि नळी खाली येते. हे झाले हाताचे फीड. ऑटो फीडसाठी फिरणाऱ्या दांड्यावरूनच थोडी गती चाकाचाकांनी काढून घेतात आणि एका मळसूत्राला देतात. ते मळसूत्र हँडलच्या आसावर बसवलेल्या मोठ्या चाकाला एकेक दात पुढे ढकलते. समजा, हँडलचा एक पुरा फेरा नळीला १२० मिलिमीटर खाली आणतो आणि मोठ्या चाकाला साठ दात आहेत. मग मळसूत्राच्या एका फेऱ्याला नळी दोन मिलिमीटर उतरेल. ड्रिलच्या दहा फेऱ्यांत मळसूत्राचा एक फेरा होईल अशी मधली चाके निवडली, की दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर फीड तयार. मधली चाके बदलली की फीड बदलते. यातली खुबी अशी की गती दांड्यावरूनच घेतलेली असल्यामुळे यंत्र हळू झाले तर फीडही तेवढेच हळू होते. पायरीची उंची तीच राहते. ठरलेली खोली गाठली की एक खुंटी क्लचला लागते आणि सरकणे थांबते.

हे यंत्र जागेवर उभे असते आणि काम त्याच्याकडे न्यावे लागते. विमानाचा पंख उचलून ड्रिल-यंत्राखाली कसा ठेवणार? तेथे यंत्रच पंखापाशी न्यावे लागते: हातात मावेल एवढे, हवेवर चालणारे, आणि तरी फीड पक्के. यासाठी जी रचना करतात ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ड्रिल ज्या दांड्याला बसवतात त्याच्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि आट्यांना छेदून एक उभी खाच असते. या दांड्यावर दोन दातेरी चाके ओवलेली. पहिले चाक खाचेतल्या चावीने दांड्याला फिरवते, पण दांडा त्यातून पुढेमागे सरकू शकतो. दुसरे चाक म्हणजे एक मोठा नटच. दांड्याचे आटे त्याच्या पोटात बसतात. दोन्ही चाके एकाच मोटरीवर, एकाच दिशेला फिरतात. दोन्ही अगदी सारखी फिरली तर काय होईल? काहीच नाही. दांडा आणि नट बरोबर फिरत राहतील, सरकणार कोणीच नाही. शेजारच्या रुळावरून आपल्याच वेगाने चाललेली गाडी आपल्याला उभी दिसते, तसे. आता दातांची संख्या थोडी बदलून नटाला किंचित जलद करा. दांड्याचे चाळीस फेरे होतात तेव्हा नटाचे एकेचाळीस होऊ द्या. चाळीस फेऱ्यांत फरक एका फेऱ्याचा. आट्याचे अंतर दोन मिलिमीटर असेल तर चाळीस फेऱ्यांत दांडा दोन मिलिमीटर पुढे जाईल. म्हणजे दर फेऱ्याला ०.०५ मिलिमीटर. दोन ढोबळ गतींच्या वजाबाकीतून इतकी बारीक गती निघाली! आणि परत कसे यायचे? नटाला अडवून जागीच धरायचे. दांडा फिरतच असतो. आटे डाव्या हाताचे ठेवलेले असल्यामुळे तो आता थांबलेल्या नटातून मागे येतो, दर फेऱ्याला पुरे दोन मिलिमीटर. म्हणजे गेला त्याच्या चाळीसपट वेगाने परत, आणि मोटर उलटी फिरवावी लागली नाही. वर्गात सापेक्ष गतीचे उदाहरण म्हणून मी हेच सांगतो. मुलांना नदीतल्या होडीपेक्षा हे लवकर पटते.

पण या रीतीलाही दोष आहेच. अंतर कायम म्हणजे जोर कायम नव्हे. ड्रिल बोथट झाले, कीस तुंबला, तरी चाके म्हणतात, पुढे! जोर वाढत जातो आणि कोठेतरी काहीतरी मोडते. बसलेल्या हाताला आवाज बदललेला कळतो. चाकाला कळत नाही. म्हणून ठराविक जोरापलीकडे निसटणारा क्लच घालतात. खोल भोकासाठी ड्रिल मध्येमध्ये बाहेर काढून कीस झटकतात आणि पुन्हा आत घालतात, सुतारपक्ष्याच्या टोचणीसारखे.

इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असले की भोकाच्या कडेला ताण किती होतो, हे जर्मनीत किर्श याने १८९८ साली गणिताने दाखवले: रुंद पत्र्यात तो तिप्पट होतो. म्हणजे भोक कितीही सुबक पाडले तरी पत्रा तेथे तिप्पट कष्टात असतोच. त्यात भोकाची भिंत चिरटलेली किंवा जळलेली असेल तर?

त्याचे उत्तर ६ जुलै १९९६ रोजी मिळाले. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील पेन्सकोला येथून डेल्टा एअरलाइन्सचे एमडी-८८ जातीचे विमान अॅटलांटाला निघाले होते. ते धावपट्टीवर वेग घेत असतानाच डाव्या इंजिनाच्या पुढल्या पंख्याचा तुंबा फुटला. विमान जमिनीवरच थांबवता आले, पण इंजिनाचे तुकडे प्रवाशांच्या जागेत घुसून दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. तुंबा टायटॅनियमचा होता आणि त्याला भोवताली बोल्टांची भोके होती. त्यांतल्या एका भोकाच्या भिंतीत तपासनिसांना तडा सापडला. तडा जेथे उगम पावला तेथला धातूच बदललेला होता: टणक, ऑक्सिजन मुरलेला, ड्रिलच्या लोखंडाचे अंश मिसळलेला. तुंबा बनवताना ते भोक पाडतेवेळी त्या जागी धातू अतोनात तापला होता. टायटॅनियम ऊष्मा लवकर वाहून नेत नाही. जेथे तापला तेथेच तापत राहतो. भोकाचे माप बरोबर होते. तुंबा इंजिनात बसला, हजारो वेळा विमान उडाले आणि उतरले, आणि दर खेपेला तडा थोडा थोडा वाढला. तो शोधण्यासाठी केलेल्या तपासणीतही तो सुटला, आणि अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या अहवालात त्या तपासणीवर मुख्य ठपका ठेवला. परंतु तड्याचे बीज पडले ते ड्रिलखाली, काही सेकंदांत.

या अपघातानंतर इंजिन बनवणारे आणि तेथील विमान खाते एकत्र बसले. त्यांनी २००६ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पाडून झालेले भोक तपासण्याबरोबरच भोक पडत असताना यंत्रावर नजर ठेवण्यावर भर आहे: मोटर किती वीज ओढते आहे, ड्रिलला किती जोर लागतो आहे, थंड करणारे पाणी पोचते आहे की नाही. चाकाला जो कान नव्हता, तो त्याला लावून दिला म्हणा ना.

अलीकडच्या विमानांत कार्बनच्या धाग्यांची पाटी, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम एकावर एक ठेवून आरपार भोक पाडावे लागते. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे. अॅल्युमिनियमला रुचणारा वेग टायटॅनियमला जाळील. टायटॅनियमचा धारदार कीस वर येताना कार्बनची भिंत ओरबाडील. म्हणून नव्या यंत्रांत फिरवायला एक विजेची मोटर आणि सरकवायला दुसरी असते. जोर बदलला की ड्रिल कोणत्या थरात आले हे यंत्राला कळते आणि ते वेग व फीड बदलते. काही यंत्रांत तर सरकता सरकता ड्रिलला बारीकसा मागेपुढे हिसका देतात. त्यामुळे कीस लांब दोरीसारखा न निघता तुकड्यातुकड्यांनी सुटतो. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात पूर्वी मिग आणि पुढे सुखोई विमाने बांधली गेली; अशा जुळणीच्या कामात भोकाचे महत्त्व किती, हे तेथल्या कामगाराला वेगळे सांगायला नको.

सगळ्यांच्याच घरी असे यंत्र नसते, पण हातातले विजेचे ड्रिल आता पुष्कळ घरांत आले आहे. लोखंडी पट्टीला भोक पाडायचे असेल तर पट्टी हातात धरू नका, शिकंजात आवळा. खाली लाकडाचा ठोकळा घ्या. म्हणजे ड्रिल बाहेर पडताना त्याला विरोध मिळत राहील. आधी बारीक भोक पाडा. फिरवत ठेवायचे असेल तर रेटा द्या, रेटा द्यायचा नसेल तर बाहेर काढा. नुसते घासू नका. दोन्ही पन्हळींतून सारखा कीस निघत असेल तर आपला हात ठीक चालला आहे. एकाच बाजूने निघत असेल तर ड्रिलच्या दोन धारा सारख्या लावलेल्या नाहीत, आणि भोक मापापेक्षा मोठे पडणार. आणि तळ जवळ आला, आवाज बदलला, की जोर निम्मा करा.